म्हाताऱ्या उंदरांची बाजू

प्रिय आत्या,

मागच्या पत्रातलं एक वाक्य आधी खोडून टाक. सराव बंद ठेवल्यावर म्हातारे उंदीर वाट विसरले, असं मी लिहिलं होतं. ते चूक आहे. ते काहीही विसरलेले नाहीत. फोनवर तू मला धड बोलूच देत नाहीस, "गुडघा ठणकतोय, नंतर" म्हणून ठेवून देतेस, तेव्हा आता सगळं कागदावर.

भानगड तुझ्या काळ्या ओव्हरकोटाची आहे. आपल्या प्रयोगाच्या हौदाच्या खोलीत तो कायम खुंटीला असायचा. गढूळ पाण्याखाली दडवलेला चौथरा उंदरांनी भिंतीवरच्या खुणांवरून शोधायचा, म्हणून आपण मापं घेऊन त्रिकोण-चौकोन चिकटवले. त्यांच्याकडे एकानंही ढुंकून पाहिलं नाही. पांढऱ्याफटक भिंतीवर एवढा मोठा काळा कोट असताना कोण कशाला पाहील? सगळे उंदीर त्याच्याच खुणेनं वाट शिकले, आणि सराव थांबवून घेतलेल्या तरुण उंदरांच्या परीक्षेलाही तो होता. मग तू गुडघ्याच्या ऑपरेशनला गेलीस, थंडी म्हणून कोट घालून गेलीस, आणि म्हाताऱ्यांची परीक्षा झाली त्यानंतर. बिचारे गोल गोल पोहत राहिले. आपण निबंधात लिहून मोकळ्या झालो की सराव थांबला की म्हातारा मेंदू शिकलेलं गमावतो. तुझं तीस वर्षांचं म्हणणं, अखेर सिद्ध!

मी बाबांकरवी कोट मागवला. तो देताना ते म्हणाले, माझ्या बहिणीपेक्षा तिच्या कोटालाच मान दिसतोय. खुंटीला टांगला, तर म्हातारे सरळ चौथऱ्यावर. समोरच्या भिंतीवर हलवला, तर झाडून सगळे उलट्या टोकाला. हे तुला कळवलं, तर तू म्हणालीस, "एका कोटापायी माझी सगळी हयात पाण्यात घालू का?" बाबा म्हणतात, तिला आधी बरी होऊ दे, मग काय ते खरं बोल. म्हणजे खरं बोलायलाही आता डॉक्टरची चिठ्ठी लागणार. दम्यानं माझी शाळा सुटली, तेव्हा तुझ्याच जेवणाच्या टेबलाशी मी शिकले. उत्तर बरोबर आलं तरी तू "कशावरून?" म्हणून छळायचीस, मी रडकुंडीला यायचे. आता तेच मी विचारलं तर आगाऊ ठरते.

पण माझा खरा वैताग वेगळाच आहे. तू व्यायाम सोडलास आणि राजीनामा लिहून ठेवलास, असं बाबांकडून कळलं. इतके दिवस कामातून हात सुटला, आता या वयात डोकं पुन्हा चालायचं नाही, असं त्यांना ऐकवलंस, वर पुरावा म्हणून आपलाच निबंध. आत्या, तो पुरावा खोटा आहे. म्हातारे स्वस्थ बसून होते तरी वाट त्यांच्या डोक्यात शाबूत होती, फक्त त्यांची खूण कुणीतरी उचलून नेली होती. एवढं तुझ्या गळी उतरावं म्हणून हे पत्र. रिकाम्या भिंतींच्या खोलीत सगळं पहिल्यापासून करायचंय आणि हौदाशी मला तूच हवी आहेस. निबंध मागे घेतोय असं मी संपादकांना कळवणार आहे, तुझी सही आली तर दोघींच्या नावानं, नाहीतर माझ्या एकटीच्या. येत्या गुरुवारी, सोळा तारखेला.

तुझीच, पार कावलेली,
ठमी