म्हशीपुढं आवाज चढवायचा नाही

प्रिय अण्णा,

तुम्ही होतात तेव्हा एक ओळ लिहिली नाही आणि आता लिहितेय. काय करू? तुमची नात सई परवापासून माझ्याशी बोलत नाही. आणि त्यात तुमचाच हात आहे.

इथं कतारला, दोह्यात वाढलेली पोर. मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते. पण परवा जेवताना चक्क मराठीत म्हणाली, "आई, मला इथली नोकरी नको. मी गावी जाऊन आजोबांची शेती करणार. निवडणुकीलाही उभी राहणार."

मी ताट सरकवलं आणि ओरडले. खलास! पोरगी खोलीत, दार बंद.

तुम्ही आमदार झालात तरी पहाटेची धार स्वतःच काढायचात. गाऱ्हाणी घेऊन आलेली माणसं गोठ्यातच उकिडवी बसायची. एकदा बांधावरून भांडणारे दोघं भाऊ एकमेकांवर धावले. तुम्ही मानसुद्धा वर केली नाहीत. "हळू बोला, म्हैस पान्हा चोरते," एवढंच म्हणालात. मग ते कुजबुजत भांडायला लागले. कुजबुजत माणूस किती भांडणार? चरवी भरेपर्यंत तंटा मिटला.

साऱ्या तालुक्याचं ऐकलंत, अण्णा. माझं कधी ऐकलंत? त्या माणसांचा चहा कोण करायचं? सातवीनंतर माझी शाळा सुटली ती त्या चुलीपाशीच. तुम्ही विधानसभेत मुलींच्या शाळेसाठी भांडलात, पेपरात फोटो आला. मी तो बघितला आणि पुढचं आधण ठेवलं.

तेव्हा राग होता. आता भीती आहे. घरातला एक माणूस गावाचा झाला की दुसरं कुणीतरी चुलीपाशी अडकतं. हे सईला सांगायचं होतं मला. सांगायच्या ऐवजी ओरडले, आणि तिनं पान्हा चोरला. तुमची लेक असून मला एवढं कळू नये?

आज अझीझियातल्या दुकानातून मेथीच्या जुड्या आणल्यात. निवडायला तिला शेजारी बसवते. बोलू दे तिला, इंग्रजीत का होईना. मी मेथीतून मान वर करणार नाही, आणि माझं सांगेन तेही हळूच.

जायचंच म्हणाली तर अडवणार नाही, हा तुम्हाला शब्द. पण तिच्याकडूनही एक शब्द घेईन. दारात माणसं आली तर त्यांचा चहा तिचा तिनं टाकायचा. त्यासाठी कुठल्या पोरीला शाळेतून उठवायचं नाही.

तुमची थोरली,
शकू