वायोमिंगला गाडीनं

कॅरी
१० ऑगस्ट २०२५

चि. यतीन यास,
अ. उ. आ.

फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून कागद घेऊन बसलो. पत्र तरी मध्येच तोडता येत नाही.

तुझा मेसेज मिळाला. माझं इथून वायोमिंगचं विमानाचं तिकीट तू मला न विचारता काढलंस आणि वर ‘दादा, डन’ असं लिहून अंगठा दाखवलास. मी काय पार्सल आहे?

वर्षानुवर्षं अर्ज केल्यावर यंदा लॉटरीत आपल्या दोघांचा एल्कच्या शिकारीच्या परवान्यासाठी नंबर लागला. तू म्हणतोस, चार दिवसांत उरकून येऊ. उरकायला ते काय रिसेप्शन आहे? सांबरासारखं थोराड हरीण ते. मारलं तर त्याचं मांस घरी आणायचं, ही माझी अट तुला पहिल्यापासून माहीत आहे. ते विमानातून कसं आणणार, विचारलं तर म्हणालास की तिथेच कुणालातरी देऊन टाकू. देऊन टाकायलाच मारायचं असेल तर मला यायचं नाही. माझ्याकडे पिकअप आहे, बर्फाचे मोठे कूलर आहेत. शिवाय रायफलची पेटी घेऊन, आपलं नाव आणि आपला चेहरा घेऊन, आजच्या दिवसांत एअरपोर्टच्या काउंटरवर उभं राहायची मला हौस नाही.

मी गाडीनं जाणार. तू वाटेल तसा ये. माझं तिकीट कॅन्सल कर. हिमानीला आणि अनिकाला आशीर्वाद. अनिकानं कुठलं कॉलेज धरलं, ते तिनंच मला लिहावं, मराठीत जमेल तितकं.

रागात असलो तरी लोभ आहे.

तुझा,
अवधूत

—

सांता क्लारा
१९ ऑगस्ट २०२५

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तिकीट कॅन्सल केलेलं नाही आणि करणार नाही.

मांस गोठवून पाठवणारे लोक तिथे गल्लोगल्ली आहेत, हे तुला माझ्याहून चांगलं माहीत आहे. मांस हा मुद्दाच नव्हता. काल वहिनींशी बोललो. म्हणजे मीच फोन केला. त्यांना बोल लावू नकोस. तुझं पत्र वाचून काहीतरी खटकलं, म्हणून खोदून खोदून विचारलं, तेव्हा त्या रडायला लागल्या.

जूनमध्ये तुला स्ट्रोक आला होता. मला तू व्हायरल झालंय म्हणून सांगितलंस. मीही मूर्खासारखा तुला गुळण्या करायला सांगत बसलो. डावीकडचं अर्धं तुला दिसत नाही, दोन्ही डोळ्यांनी. स्टिअरिंगला हात लावायचा नाही, असं डॉक्टरांनी तुला समोर बसवून सांगितलं. तरी तू किल्ली उचलून ग्रोसरीला गेलास आणि पार्किंगमध्ये एका बाईच्या कार्टला धडक दिलीस. कार्टमध्ये तिचं बाळ बसलं होतं, दादा. त्याला खरचटलंही नाही, हे त्याचं नशीब. आणि घरी येऊन तू वहिनींना सांगितलंस की बाई फोनवर बोलत होती, चूक तिचीच.

आता हाच माणूस मला अर्धी अमेरिका गाडीनं ओलांडायच्या गप्पा मारतोय. मी तिकडे येऊन एअरपोर्टवर तुझ्या शेजारी उभा राहीन, पेटीही मीच उचलीन, कोण काय विचारतो ते मी बघतो. पण तू विमानानं आला नाहीस तर मी येणार नाही. इतक्या वर्षांचा नंबर गेला तर जाऊ दे.

तुझ्याशी असं बोलायची वेळ आणलीस, याचा जास्त राग आहे. वहिनींना नमस्कार. तुझा आशीर्वाद हवाच आहे. तो मागायला आज जड जातंय.

तुझा,
यतीन

—

कॅरी
२७ ऑगस्ट २०२५

चि. यतीन,

आशीर्वाद घरात आहेत, येऊन घेऊन जा.

माझ्या घरात काय झालं, ते माझ्या बायकोकडून काढून घ्यायचं आणि मग ते माझ्याच तोंडावर मारायचं, ही पद्धत तू कुठे शिकलास? डॉक्टर काय, उद्या खुर्चीत बसायलाही मनाई करतील. मान थोडी जास्त वळवली की मला सगळं दिसतं. हायवेला तर सगळे एकाच दिशेनं जात असतात.

तू येऊ नकोस. मी एकटा जाईन. याउपर या विषयावर मला लिहू नये.

अवधूत

—

कॅरी
१४ सप्टेंबर २०२५

चि. यतीनभाऊजींस,
अनेक आशीर्वाद.

तुमच्या दादांचं पत्र पोस्टात टाकायला मीच गेले होते. त्यात काय असेल, ते पाकिटावरच्या अक्षरावरूनच कळलं. त्यानंतर या घरात आम्ही दोघं मीठ आणि औषधं एवढ्यापुरतंच बोलतोय.

तुम्ही दोघांनी ऑगस्टचा महिना विमान की गाडी यात घालवलात. एकालाही माझं नाव सुचलं नाही. मी वीस वर्षं रोज नोकरीसाठी रिसर्च पार्कला गाडी चालवत गेले. पावसात, बर्फात, रुचाच्या वेळी पोटुशी असताना. ह्यांना मी तसं म्हटलं, तर म्हणाले की तुला हायवेची सवय नाही. मी ताटावरून उठले. भाऊजी, तुम्हीही तेच गृहीत धरलंत, म्हणून हे तुम्हालाही लिहिते.

तर ठरलं आहे. पिकअप मी चालवणार, ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी निघणार. तुम्ही विमानानं या आणि तिथे भेटा. एक तिकीट फुकट गेलं, ते तुमच्या घाईचं.

आणि दुसरी गोष्ट. ह्यांना गाडी चालवता येत नाही म्हणून तुम्ही इतके चिडलात, पण विमानानं आणून त्यांच्या हातात रायफल द्यायला तयार होतात. डावीकडचं माणूस ज्याला दिसत नाही, त्याच्या हातात. मी ह्यांच्याकडून शब्द घेतलाय की रायफल तुमच्याकडे राहील आणि हे फक्त बघतील. तो पाळला जातोय का, हे तुम्ही पाहायचं. मी डोंगर चढणार नाही, माझे गुडघे नाहीत तसले.

हिमानीला सांगा, तुमच्याबरोबर लाडू पाठवतेय. राग उतरलेला नाही, पण माया कमी झालेली नाही. ती दोन्हीकडून टिकावी.

तुमची,
सुवर्णावहिनी

—

कॅरी
९ नोव्हेंबर २०२५

चि. यतीन यास,
अ. उ. आ.

तू वायोमिंगहून निघालास तेव्हा आपण एकमेकांना नीट हात पण केला नाही. तू फोन केलेस, मी घेतले नाहीत. सुवर्णाला मी अजून काही सांगितलं नव्हतं. शिकार मिळाली नाही, एवढंच तिला माहीत होतं. काल सगळं सांगितलं. आता तुला लिहितो.

तू दुर्बीण घेऊन खाली उतरलास तेव्हा रायफल दगडाला टेकवून ठेवलीस. मी दिलेला शब्द मला आठवत होता, विसरलो असं म्हणणार नाही. तरी उचलली. वाटलं, तू वर येईपर्यंत कळप निघून जाईल. डावीकडे फांद्या मोडल्याचा आवाज आला आणि मी रायफलसकट त्या बाजूला वळलो. मला गवत दिसत होतं, उतार दिसत होता, आकाश दिसत होतं. लोकांना वाटतं, तिथे काळोख असतो. काळोख नसतो, यतीन. सगळं जागच्या जागी असतं. फक्त तू नव्हतास.

तू ओरडला नाहीस. हळूच म्हणालास की दादा, मी इथे आहे. मग तुझा हात नळीवर दिसला, आणि मग तू. नळी तुझ्या छातीशी होती.

मी तुझ्यावर संतापलो, नको ते बोललो. आवाज न करता का आलास, म्हणून. शिकारीला आलेला माणूस आवाज करत येतो का? तेही तू ऐकून घेतलंस आणि रायफल रिकामी केलीस. त्या बाळाच्या आईलाही मी असाच बोललो होतो.

परवा गाडीचं लायसन्स परत करून आलो. खिडकीतल्या मुलीनं हसून आभार मानले, त्याचाही राग आला. सध्या कशाचाही येतो. रायफल तुझी. तू येशील तेव्हा घेऊन जा. मी पुन्हा डोंगरावर येईन, बघायला. पण हे अजून मनापासून म्हणता येत नाही.

काल सगळं ऐकून सुवर्णा उठली. पिकअपची किल्ली घेतली आणि मला बस म्हणाली. आम्ही तलावापर्यंत गेलो. इकडे चालवणारा डावीकडे बसतो, म्हणजे ती मला दिसतच नाही. ती आहे की नाही हे बघायला अख्खी मान वळवावी लागते. तलाव येईपर्यंत मी बऱ्याचदा वळवली. ती रडत होती आणि गाडी अगदी सरळ चालवत होती.

हिमानीला आणि अनिकाला आशीर्वाद. तुझा लोभ मी हक्कानं मागत असे. या वेळी विचारतोय.

तुझा,
दादा