दोन्ही रांगांना माती

मंगळवार, चैत्र वद्य पंचमी, सायंकाळ

प्रयोग मी नेटकाच मांडला होता. शेडमधील डाव्या रांगेच्या कोंबड्यांना बेंटोनाइट नावाची चिकण माती मिसळलेले खाद्य, उजव्या रांगेला पूर्वीचेच. क्रांती चौकातील बेकरीवाल्याने बजावले होते, "काका, पुन्हा तडकलेली अंडी आली तर दुसरीकडून घेईन." म्हणून कवच कशाने सुधारते, हे कळणे भाग होते.

महिन्याने पाहतो, तर दोन्ही रांगांचे कवच सारखेच टणक. अंगठ्याने दाबूनही अंडे फुटेना. मग मातीचा गुण कोणता? याच महिन्यात टँकर दुसऱ्या विहिरीवरून येऊ लागला. हा त्या पाण्याचा परिणाम तर नव्हे?

खाद्य घालणाऱ्या कौसाबाईंना मी तसे बोललो. त्या म्हणाल्या, "पाण्याचं काय घेऊन बसलात, भाऊ? म्या दोन्हीकडं माती घातली. एका पंगतीत बसवायचं आन् निम्म्यांनाच वाढायचं? तुमच्या घरी असं वाढतेत का?"

"अहो, तुलना करायची होती!"

"मग त्या उजवीकडच्यांना तुम्हीच समजावून सांगा."

आता माती की पाणी? उजवीकडची माती थांबवावी, तर बेकरीचे गिऱ्हाईक जाण्याची भीती. न थांबवावी, तर उत्तर कधीच मिळणार नाही. शेवटी दोन्हीकडे माती चालू ठेवण्यास सांगून आलो. हा निर्णय म्हणावा की माघार?

एक अंडे समोर टेबलावर आहे. आताच पुन्हा अंगठ्याने दाबून पाहिले. फुटत नाही. का फुटत नाही, हे मला ठाऊक नाही.