तेच हातमोजे

१० जुलै

प्रिय वन्सं,
सप्रेम नमस्कार वि. वि.

त्या दिवशी सकाळी सहा नंबरच्या आजोबांचं भांडं रिकामं केलं, सात नंबरची चादर बदलली आणि मग आठ नंबरला, यांच्या पलंगाशी गेले. ऑपरेशनच्या जखमेवरची पट्टी एका बाजूने सुटली होती, ती दाबून बसवली. माझे हातमोजे बघून हे म्हणाले, वॉर्डातल्या मावशी आज डॉक्टरीणबाई झाल्या. चार वर्षं झाली, पण ती सकाळ अलीकडे रोज आठवते.

माझा पाय आता बरा आहे. वर्तमानपत्र अजून मोठ्याने वाचते. यांना वाचून दाखवायची सवय सुटत नाही. हॉस्पिटलात नवीन सिस्टर आल्यात. एकाचा आजार दुसऱ्याला लागू नये म्हणून काय करायचं, ते आम्हाला शिकवतात. कामाला लागणाऱ्या नवीन बायकांना तुम्हीच शिकवा, असं मला म्हणाल्या. मी नाही म्हटलं.

मुलांना आशीर्वाद. आठवण असू द्या.

तुमची,
वहिनी

१९ जुलै

प्रिय वहिनी,
सा. न. वि. वि.

नाही म्हटलंस? औषधांच्या बाटल्यांवरची अक्षरं जुळवत वाचायला शिकलीस, किराण्याच्या पुडीचा कागदही वाचल्याशिवाय टाकत नाहीस, आणि शिकवायला घाबरतेस?

इकडे आमच्या घरधन्यांनी निवृत्त झाल्यापासून स्वयंपाकघर ताब्यात घेतलंय. मिठाची बरणी हवी असली तरी मला परवानगी काढावी लागते.

दादा शेवटी तुझ्या हातांत होता, एवढंच माझं समाधान. तसे हात सगळ्या आजाऱ्यांना मिळावेत. होकार कळव, आणि माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
नणंद

२७ जुलै

प्रिय वन्सं,
सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र चार वेळा वाचलं. हातांचं लिहिलंत, तिथे दर वेळी थांबले.

मी नाही म्हटलं, त्याच्या आधी एकदा सिस्टरांनी माझ्या हातमोज्यांना डोळ्यांना न दिसणारं एक मलम लावलं आणि रोजची कामं करा म्हणाल्या. मग अंधार करून निळा दिवा लावला. नळ, दाराची कडी, पलंगांच्या दांड्या, पाण्याचा पेला, सगळीकडे माझ्या बोटांचे ठसे चमकत होते. बाकीच्या हसल्या.

वन्सं, त्या सकाळी सहा, सात आणि आठ नंबरला हातमोजे तेच होते. आमच्या मनात एवढंच, की हातमोजे घातले म्हणजे हात स्वच्छ. माझे घाणीत काम करणारे हात यांच्या जखमेला लागू नयेत, म्हणून मी ते मुद्दाम काढले नाहीत. तिसऱ्या दिवशी जखम चिघळली. पुढचं तुम्हाला माहीत आहे. इतक्या जुन्या गोष्टीचं कारण आता नक्की कळेल का, असं सिस्टरांना विचारलं. नाही कळणार, म्हणाल्या.

या दारात पत्र येतं ते तुमचंच. तेही बंद होईल म्हणून इतके दिवस लिहीत नव्हते. आज लोभ असावा, असं लिहीत नाही.

वहिनी

९ ऑगस्ट

प्रिय वहिनी,

दोन दिवस तुझ्यावर रागावले होते, खोटं कशाला लिहू? तुला कुणी शिकवलं नव्हतं, हे खरं. दादा गेला, हेही खरं. दोन्ही एकदम मनात मावत नाहीत.

पण हे एकट्या मला लिहून काय होणार? जिच्या हातात उद्या हातमोजे येणार, तिला सांग. सांगून झालं की मला लिही. नाही लिहिलंस तर मीच तिथे येऊन मुक्काम ठोकेन, मग मिठाच्या बरणीवर माझा ताबा.

तुझीच,
नणंद

१९ ऑगस्ट

प्रिय वन्सं,
सप्रेम नमस्कार.

रागावलात ते लिहिलंत, बरं केलंत. नुसतं गोड लिहिलं असतंत तर मला खरं वाटलं नसतं. लोभ राहिला, माझ्यासाठी पुष्कळ झालं. मुक्कामाला मात्र खरंच या, घर फार शांत असतं.

तुमचं पत्र सोमवारी आलं. ते पर्समध्ये ठेवून सिस्टरांकडे गेले आणि हो म्हणून आले. त्यांनी कारण विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी नऊ नवीन बायका आल्या. मी त्यांना आधी त्या सकाळचं सगळं सांगितलं, मग एका पलंगाकडून दुसऱ्याकडे जाताना हातमोजे कसे काढायचे आणि हात कसे धुवायचे, ते दाखवलं.

तुमची,
वहिनी