चालते व्हा

३ जुलै
नोकरीचं कंत्राट वाढायला हवं असेल तर सत्र संपायच्या आत प्रकल्पाचा निकाल दाखवा, असं विभागप्रमुख मॅडम म्हणाल्या. सोपं आहे. विद्यापीठातल्या खुर्चीला चिकटलेल्या कर्मचाऱ्यांना रोज अर्धा तास चालायला लावायचं. आरोग्यशिक्षण हा माझा विषयच. मोहिमेचं नाव लगेच सुचलं : ‘चालते व्हा!’ प्रत्येक ऑफिसच्या दारावर पोस्टर लावलं.

५ जुलै
हेडक्लार्कनी पोस्टर फाडलं. म्हणे, इतकी वर्षं नोकरी केल्यावर असा निरोप देतात का? युनियनने कुलसचिवांकडे तक्रार केली. म्हणजे वाचलं सगळ्यांनी. अवेअरनेस उत्तम.

११ जुलै, सकाळी
पहिला सामूहिक वॉक. अकाउंट्सच्या बाई आणि गोल्या, एवढेच आले. गोल्या माझा पीएचडीचा विद्यार्थी, त्याला यावंच लागतं. आधी चालण्याच्या फायद्यांवर थोडं बोललो. बोलून होईपर्यंत ऑफिसची वेळ झाली. चालणं राहिलं. पाया मात्र पक्का झाला.

१९ जुलै
बाईंनी नाव काढून घेतलं. कारण : गुडघे. लिफ्टमध्ये गाठून समजावलं. मधल्याच मजल्यावर उतरल्या. तिथे त्यांचं काहीच काम नसतं.

२ ऑगस्ट
गोल्याने गाइड बदलून मागितला. मॅडमनी केबिनमध्ये बोलावून विचारलं, माणसंच नाहीत तर संशोधन कशावर? सत्र संपायची वाट न बघता माझ्या जागेची जाहिरात पुढच्या आठवड्यातच निघणार. काहीतरी सुचेल. सुचायलाच हवं. घरी बोललो नाही. योग्य वेळी सांगेन.

३ ऑगस्ट
हिच्या डॉक्टरांचा फोन मी घेतला. हिची शुगर आटोक्यात आली म्हणे, रोज पहाटे चालते त्याचा परिणाम. वर्षभर! मी झोपलेला असतो तेव्हा. सहभागी घरातच! मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू केलं, ती भाजी निवडत होती तिथे बसलो आणि प्रेरणा कशातून मिळाली ते विचारलं. माझ्या व्याख्यानांतून, हे उघड होतं.
ती खाली बघूनच म्हणाली, “अहो, तेवढा अर्धा तास मला कुणी काही समजावत नाही.”
रेकॉर्डिंग नीट झालेलं नाही असं धरून चालतो.

५ ऑगस्ट, पहाटे
तिच्या मागोमाग निघालो. एक शब्द बोललो नाही. शाळेच्या कोपऱ्याशीच धाप लागली. कठड्यावर टेकलो. नोकरीचं सांगायचं होतं. हाक मारायला श्वास पुरेना. ती वळणापलीकडे दिसेनाशी झाली.
वेग चांगला आहे तिचा.