मर्व्हचा पंप

सोमवार, ३ फेब्रुवारी. सकाळी १०.१०
मुलांना शाळेत सोडलं, शाळेची बस यार्डात लावली, घरी आलो तर डिशवॉशरच्या तळाशी पाणी. दह्याच्या रिकाम्या डब्याने उपसून मोजलं. साडेतीन लिटर. भांडी धुतो झकास, पण शेवटी पाणी बाहेर टाकत नाही. निदान: पाणी फेकणारा पंप गेला.
शनिवारी मी सिंकखालचा वाकडा पाइप काढून नवा बसवला, तेव्हापासून हे सुरू झालं असं जनेलचं म्हणणं. सिंकचं पाणी सर्रकन जातं, हे तिला दाखवलं. म्हणजे दोष तिकडे नाही. सिद्ध झालं.
शनिवारपर्यंत करतो म्हणालो. कुठल्या शनिवारपर्यंत तेही सांगून ठेव, म्हणाली. बायको म्हणून चांगली आहे. यंत्रांवर श्रद्धा नाही.

मंगळवार, ४ फेब्रुवारी
जनेलने मुदत घातली. रविवारी १६ तारखेला आपल्याकडे कोरलीचं निरोपाचं जेवण, बारा माणसं. शेजारचं घर विकून ती ॲडलेडला मुलीकडे चालली आहे. तोवर डिशवॉशर चालू झाला नाही, तर पोर्ट ऑगस्टाहून मेकॅनिक येणार. फोन नंबर फ्रिजवर लावूनही टाकला.
या घरात बावीस वर्षांत पैसे घेऊन काम करणारं माणूस आलेलं नाही. कोरलीचा नवरा मर्व्ह हॉकिंग यायचा, पण तो शेजारी. त्याला यात धरायचं नाही. आणि बोलावल्याशिवाय यायचा. मागच्या जाळीच्या दारावर अंगठीने टक टक टक. मग माझ्या खांद्यावरून वाकून बघायचा आणि म्हणायचा, हं. बास, एवढंच. त्या एका ‘हं’मध्ये माझी अख्खी दुपार बाद.
नोव्हेंबरमध्ये गेला. चौऱ्याहत्तर वर्षं, हृदय. चर्चमध्ये त्याचा मुलगा म्हणाला की या गल्लीत बाबांनी दुरुस्त केली नाही अशी वस्तूच नाही. उदाहरण म्हणून आमच्या बाथरूमचा नळ सांगितला. दीडशे माणसं होती. सगळी माझ्याकडे वळली. त्या नळाचं ऐंशी टक्के काम मी केलं होतं, ही नोंद कुठेतरी असावी म्हणून इथे करतो.

बुधवार, ५ फेब्रुवारी. दुपारी १२.३०
जुना पंप काढला. नळकाम लायसन्सवाल्यानेच करावं, असा कायदा आहे. कायदा करणाऱ्यांनी माझं काम पाहिलेलं नाही.

गुरुवार, ६ फेब्रुवारी. सकाळी ७.४५
भाग्य म्हणतात ते हे. आज काउन्सिलचा ट्रक मोठा कचरा न्यायचा दिवस. कोरलीने घराबाहेर गवताच्या पट्टीवर काय काय काढून ठेवलं होतं: पलंग, गवत कापायचं मशीन आणि डिशवॉशर. आमचंच मॉडेल. एकाच सेलमध्ये घेतले होते. मर्व्हने मंगळवारी, मी गुरुवारी. विचार माझ्या डोक्यात आधी आला होता.
मर्व्हच्या हातचं यंत्र म्हणजे नव्याहून नवं. ६.२० ला पाना घेऊन गेलो, नऊ मिनिटांत पंप काढला. कोरलीला विचारलं नाही. रस्त्याकडेला ठेवलं ते नेईल त्याचं, हा इथला नियमच आहे. माझा जुना पंप तिच्या ढिगावर टाकला. फिटंफाट. ७.४० ला ट्रक सगळं चिरडून घेऊन गेला.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी. दुपारी १.५०
मर्व्हचा पंप बसवला. चपखल. दोन स्क्रू उरले. कारखानेवाले नेहमी जास्तच लावतात.
चाचणी. धुतलं छान. पाणी फेकायची वेळ आली तेव्हा आतून आवाज: टक. टक. टक. मग जरा थांबून, एक लांब, खालच्या पट्टीतलं: हंऽ.
बंद केलं. पाणी मोजलं. ३.४ लिटर. शंभर मिलिलिटरची सुधारणा.

शनिवार, ८ फेब्रुवारी
आवाजाचं शास्त्रीय कारण: नवी जागा. पंपाला रुळायला वेळ लागतो. तीन चाचण्या केल्या, ११.०५, १२.२० आणि १.४०. तिन्हींत तीन टकटक, चार सेकंद शांतता, मग हं. पाणी ३.४, ३.४, ३.४५. शेवटचं मोजताना डबा तिरका झाला असावा.


सोमवार, १० फेब्रुवारी. सकाळी १०.३०
ठरवलं, चाचणीच्या वेळी यंत्राकडे पाठ करून बसायचं नाही. भीती वगैरे काही नाही. निरीक्षण समोरून चांगलं होतं.
आज पाइपची क्लिप उलटी बसवली. बसवता बसवताच लक्षात आलं, पण राहू दे म्हटलं. चालू केलं. टक टक टक. हं.
क्लिप सुलटी केली. ती तशीही करणारच होतो.

बुधवार, १२ फेब्रुवारी. दुपारी १.१५
बेचाळीस डिग्री. जनेल टेबलाशी मटार सोलत बसली होती, मी जमिनीवर यंत्रासमोर. टक टक टक झालं. जनेलने मान वर न करता मागच्या दाराकडे हाक दिली, ये रे, उघडंच आहे.
मग तिचे हात थांबले. माझेही. दाराच्या जाळीबाहेर नुसतं ऊन.
म्हणाली, ट्रेव्हर, हा पंप कुठून आणलास? स्पेअर पार्ट म्हणालो. कुणाचा स्पेअर पार्ट, म्हणाली. मी पाणी मोजायला घेतलं.

गुरुवार, १३ फेब्रुवारी
शेवटच्या स्टॉपवर मुलं उतरली. रिकाम्या बसमध्ये मागून तीन ठोके. आरशात बघितलं. सगळ्या सीट रिकाम्या. मागची सीट सैल झाली असणार. घट्ट करायला मागे जायचं होतं, पण यार्डात परतायची वेळ झाली होती. वेळेच्या आधी चौदा मिनिटं पोचलो.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी. दुपारी १२.४०
जनेल बोलिंग क्लबला गेल्यावर बसून शांतपणे हिशेब मांडला. आवाज मुद्दाम मोठा ठेवला होता, विचार स्पष्ट व्हावे म्हणून. मर्व्ह, म्हटलं, नळाचा वॉशर मी बदलला होता की नव्हता? गॅरेजचं दार तू सरळ केलंस, पण बिजागऱ्या कुणी आणल्या होत्या? आणि तुझ्या छपराच्या कामात वर्षभर शिडी कुणी धरली? एकदा तरी ‘छान केलंस’ म्हणाला असतास तर जीभ झिजली नसती, लेका.
हं, आलं आतून.
मागे वळलो तर जनेल दारात उभी. बॅग विसरली होती. किती वेळ उभी होतीस, विचारलं. बिजागऱ्यांपासून, म्हणाली. मग जवळ येऊन माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि गेली. हे जास्त वाईट.

शनिवार, १५ फेब्रुवारी
३.४ लिटर. यंत्र नव्वद टक्के दुरुस्त झालं आहे असं म्हणायला हरकत नाही. उरलेले दहा टक्के दह्याच्या डब्याने.
उद्यासाठी योजना: जेवण झालं की भांडी भरायची, मशीन चालू करायचं, सगळ्यांना बाहेर झाडाखाली चहाला न्यायचं. कुणी आत नसताना उपसायचं. बारा ताटं लखलखीत दिसली की फ्रिजवरचा नंबर काढून फाडायचा.

रविवार, १६ फेब्रुवारी. सायंकाळी ६.१०
सगळं जसं झालं तसं लिहितो.
कोकराचं मांस, बटाट्याचं सॅलड, कोरलीने स्वतःच्या निरोपाला स्वतःच केलेला क्रीमचा केक. दोनला भांडी भरली, बटण दाबलं. पण बाहेर गरम वारा सुटला होता, धुळीचा. कुणी खुर्चीवरून हलेना. पंखा इथे आहे, चहाही इथेच आण म्हणाले.
२.३८ ला: टक. टक. टक.
 या गल्लीत तो ठोका न ओळखणारा माणूस नाही. अकरा माना मागच्या दाराकडे वळल्या. मग हंऽ.
कोरली चमचा खाली ठेवून म्हणाली, बघा, आजही भांडी धुऊन झाल्यावरच आला, घासायला नको म्हणून. सगळे हसले. फार मोठ्याने हसले. दोघांनी डोळे पुसले. मी हसलो नाही, कारण मी यंत्राचं दार उघडत होतो आणि साबणाचं पाणी माझ्या बुटांवर येत होतं.
बारा ताटं हातांनी घासली. मी घासत होतो, कोरली पुसत होती. बाकीचे पुढच्या खोलीत गेल्यावर ती हळूच म्हणाली, ट्रेव्ह, तो पंप आमचा ना? त्या दिवशी मी तुला खिडकीतून बघितलं. हाक मारणार होते. पण तू इतका खूश दिसत होतास की मन झालं नाही.
पैसे देतो म्हणालो. पैसे कसले देतोस, म्हणाली, चार वर्षं मेलेला आहे तो पंप.
मग सांगितलं. दुसऱ्याच वर्षी त्यांचं यंत्र बंद पडलं. मर्व्हने अकरा वेळा उघडलं. अकरा वेळा जसंच्या तसं बंद केलं. नवीन घेऊ म्हटलं तर घेऊ देईना, ट्रक दारात आला की गल्लीला कळेल म्हणून. रोज स्वयंपाकघराचा पडदा ओढून हातांनी भांडी घासायचा. कुणी यायचं असलं की चार ताटं यंत्रात रचून ठेवायचा, दिसायला. ट्रेव्हला बोलाव म्हणून मी मागे लागले, म्हणाली. तर म्हणायचा, तो येईल, आणि नीट करून जाईल. मग मी त्याला नळावरून काय बोलू?
मी एकच ताट बराच वेळ घासत होतो.
कोरली म्हणाली, हाच आवाज यायचा. टक टक टक. दर वेळी मर्व्ह उठून मागचं दार बघून यायचा. त्याला वाटायचं, तू आलास.
मग टॉवेल पिळून दांडीवर टाकला आणि म्हणाली, गल्लीत कुणाला सांगू नकोस हं. त्याला फार लाज वाटली असती.

मंगळवार, १८ फेब्रुवारी. सकाळी ११.३०
पोर्ट ऑगस्टाहून मेकॅनिक आली. बाई आहे, पस्तिशीची, गुडघ्यांना पॅड. आधी डिशवॉशरला हातच लावला नाही. सिंकखाली डोकं घातलं आणि अकराव्या मिनिटाला म्हणाली, हा पाइप कुणी बसवला? नव्या पाइपला डिशवॉशरची नळी जोडायचं तोंड प्लास्टिकने बंद केलेलं येतं. ते आधी कापायचं असतं. पाणी जाणार कुठे? डिशवॉशरमध्ये काही बिघडलेलंच नव्हतं.
मग पंप उघडून बघितला. हा मात्र ठार मेलेला आहे म्हणाली, आतलं चक्र सैल, म्हणून ठोके देतो आणि अडकतो. तुमचा मूळचा पंप कुठे आहे? सांगितलं. तिने वहीत काहीतरी लिहिलं. नवा पंप यायला नऊ दिवस.
जनेल तिला चहा देत म्हणाली, शेजारी आमचा मर्व्ह होता. तो असता ना, तर हे त्याने दहा मिनिटांत केलं असतं.
मेकॅनिकने माझ्याकडे बघितलं. जनेलनेही बघितलं. आता मी नेहमीसारखा काहीतरी बोलणार, असं तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. बोलायला माझ्याकडे या वेळी होतंही. पुरावा तर मेकॅनिकच्या हातातच होता.
सात, म्हणालो मी. दहा कशाला लागतील त्याला.