मामा कामाला जातो

बाई, आपला मामा कामाला लागला. हे तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडेना, म्हणून लिहायला बसले. तुम्ही जाऊन किती वर्षं लोटली. आपल्या गल्लीत आता जिकडंतिकडं होस्टेलं उभी राहिलीत, दर घरावर कुठल्या ना कुठल्या क्लासचा बोर्ड आहे, आणि लातुरात डॉक्टर व्हायला आलेल्या पोरांना चुकवत चालावं लागतं अशी गत झालीय. पण जेवण वाढायला डाव हातात घेतला की तुम्ही मागं उभ्या राहून बघताय असंच मला अजून वाटतं.

भूकंपानंतर किल्लारीकडच्या तंबूत तुम्हाला मामा भेटला, तेव्हा विशीतला उंच गडी होता. आई ढिगाऱ्याखाली गेलेली. समज लहान मुलाची, म्हणून भावकीतलं कुणी न्यायला पुढं येईना. त्याच्यासारखी आणखी काही मोठी माणसं घेऊन तुम्ही हे घर मांडलं आणि मला अहमदपूरहून कामाला बोलावलं. मी भारी चपळ, अन् त्याचा मला केवढा तोरा! पहिल्याच आठवड्यात मामाला मी भराभरा भरवतेय, एक घास गिळायच्या आत दुसरा तयार. तुम्ही येता, माझ्या हातातला घास काढून त्याच्या ताटात ठेवता. "हात आहेत त्याला. घाई तुला आहे, त्याला नाही." आणि मग सगळ्यांदेखत सुनावता, "वाढू का, असं विचारायचं. समोरचा पुरे म्हणेपर्यंत वाढायचं. आपल्या मनानं कुणाच्या पोटाचा अंदाज घ्यायचा नाही." असा राग आला होता म्हणून सांगू! नळाखाली भांडी आपटत रडले, संध्याकाळची एसटी धरून घरी जायचं ठरवलं. गेले नाही, आणि बघता बघता घरातले सगळेच पाळीपाळीनं तुमच्या पद्धतीनं वाढायला शिकले. मामा तर पक्का शिकला.

आता पन्नाशी उलटली त्याची. रोज सकाळी पायरीवर बसून पाठीवर दप्तर लावलेल्या पोरांची रांग बघायचा. एक दिवस मला म्हणाला, "सगळे कुठं कुठं जातेत. मीबी जातो." मी म्हटलं, कुठं जाणार रे बाबा? तर म्हणाला, "कामाला." झालं, रोज तेच. चप्पल घालून तयार. शेवटी कोपऱ्यावर उदगीरकडच्या एक काकू मेस चालवतात, त्यांच्याकडं गेले. आमच्या घरातलं आजवर कुणी बाहेर कामाला गेलेलं नाही, पण हा वरण झकास वाढतो, असं सांगितलं. काकू म्हणाल्या, "येऊ द्या की. बघू."

पहिल्याच दिवशी घोळ झाला. मुदखेडचा एक पोरगा, कानात वायरी, नजर वहीत, ताट पुढं केलेलं. मामानं विचारलं, वाढू? पोराला ऐकूच गेलं नाही, पण मान हलली. मामानं वाढलं. पोरगा काही पुरे म्हणेना, मग मामा कशाला थांबतो! वरण ताट भरून वहीवर आलं, वहीवरून पोराच्या पँटवर. दुसऱ्या दिवशी मामानं शहाणपणा केला. उत्तर येईपर्यंत डाव वर धरून उभाच राहिला, आणि मागं रांग थेट रस्त्यापर्यंत गेली. काकू माझ्या दारात. "ताई, माणूस सोन्यासारखा हाय वो तुमचा. पर लेकरांचे क्लास चुकायलेत. ह्या आठवड्यापुरतं बघते, मग न्हाई जमायचं." मी मामाला समजावलं, एक डाव घालायचा आणि पुढच्याकडं वळायचं. तो माझ्याकडं असा बघायला लागला की जणू मीच काहीतरी चोरलंय. "विचारायचं असतंय," म्हणाला. मला तर रडूच कोसळलं. काम गेलं असतं तर त्याला का गेलं ते कळलंच नसतं, बाई. तो चप्पल घालून तसाच तयार बसला असता.

पण तुमच्या मामाला वाचवलं त्या मुदखेडच्या पोरानंच. रांगेत उभं राहून तो पुढच्या-मागच्याला बजावायला लागला, "ए, वायरी काढ कानातल्या. मामानं विचारलं की लगेच बोल, नाहीतर पँट बदलायला जावं लागंल!" सगळी रांग हसली. मग पोरं आपणहून बोलायला लागली. मामा, अर्धा डाव. मामा, आज जास्त. मामा, पोट दुखायलंय, नको. रांग सरकायला लागली. आठवडा संपला तशा काकू परत आल्या. मी कणीक मळता मळता उठले. तर त्या दारातूनच हसत म्हणाल्या, "खरकट्याची बादली अर्धीबी भरंना गेली वो. मागतेत तेवढंच घ्यायलेत, खायलेत. ऱ्हाऊ द्या मामाला." मी त्यांना तिथंच मिठी मारली, पिठाच्या हातांनी.

तेव्हापासून मामा रोज जातो. भांग पाडतो, मेसचा निळा ॲप्रन घरूनच घालून निघतो, गल्लीतून जाताना पोरं त्याला हाका मारतात. घरात रुबाब विचारू नका. बाकीच्यांना सांगतो, मला गडबड हाय, सरका.

परवा दिवाळीला पोरं गावाकडं गेली आणि मेस बंद झाली. मामा सकाळपासून ॲप्रन घालून पायरीवर रुसून बसलेला. मी शेजारी बसले, त्याच्या पाठीवरून हात फिरवला, तोंड पाडून म्हटलं, "येतील रे परत, चार दिवसांनी." आणि आत येऊन स्वयंपाकघरात एकटीच हसले. तो घरी राहणार म्हणून मला इतका आनंद झाला होता, बाई, की मी त्याच्या आवडीचे बेसनाचे लाडू करायला घेतले. तुम्हाला कळलं असतं तर चांगलंच फैलावर घेतलं असतं मला. तेव्हा हे पत्र तुमच्यापर्यंत पोचायची काही सोय नाही, ते एका परीनं बरंच आहे.